फुलाबाईची दुसरी साक्ष

पंचवटी, नाशिक
११ जानेवारी २०२४

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम.

पत्र बघून घाबरू नकोस. आजकाल पत्र लिहितं कोण, हे मलाही कळतं. पण आपल्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, आणि तिथं तू फोन कानाला लावलास की निम्मं गाव कान टवकारतं. घरी येऊन बोलावं तर आई शेजारीच. म्हणून रोज गावाकडे येणाऱ्या लखनच्या जीपमधून हे पाठवतोय. वाच आणि चुलीत घाल.

परवा तू आईला दवाखान्यातून न्यायला आलीस तेव्हा ती तुला सांगत होती, "मीना, गाठ गेली माझी!" तू माझ्याकडे बघितलंस आणि मी पिशव्या उचलायला वाकलो. ताई, गाठ गेलेली नाही. डॉक्टरांनी पोट उघडलं, तर ती सगळीकडे पसरलेली. काही काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून तसंच शिवून टाकलं. फार तर उन्हाळा बघतील म्हणाले.

हे मी आईला सांगणारच होतो. पण शुद्धीवर आल्यावर वॉर्डातली मावशी तिच्यासमोरच बोलून गेली की, हिचं तर काहीच काढलं नाही. आई माझ्याकडे बघायला लागली. "काढलं नाय म्हंजे?" तिचे ते डोळे, ताई! माझ्या तोंडून निघून गेलं, "काढायला आत काही नव्हतंच, आई. गेली गाठ." तिनं डोळे मिटले आणि हात जोडले. ऑपरेशनच्या आधी आपल्या प्रार्थनाघराच्या रावजीमामांनी येऊन प्रार्थना केली होती ना, तिला वाटलं तिचं उत्तर मिळालं.

मग ते मागे कसं घ्यायचं? घरमालक गुरुजींना मी खरं सांगितलं, कंपनीत सुपरवायझरला सांगितलं, कोपऱ्यावरच्या चहावाल्यालासुद्धा सांगितलं. फक्त जिची गाठ आहे तिलाच नाही. पिशवीत पांढऱ्या गोळ्या आहेत त्या दुखण्यावरच्या आहेत, तिला मी ताकदीच्या म्हणून सांगितलंय. तूही तेच सांग. जेवढे दिवस आहेत तेवढे तिला आनंदात काढू दे.

तुझा,
सुनील


२२ जानेवारी

सुनील,

पत्र चुलीत घातलं. धूर मात्र माझ्या डोळ्यांत गेला तो अजून जात नाही.

तू लहानपणी कोंबडीचं अंडं फोडायचास आणि मुंगसावर ढकलायचास, तेव्हापासून तुला ओळखते. पण एवढं मोठं अंडं फोडशील असं वाटलं नव्हतं. रागावले आहे, पण तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं हे मला सांगता येत नाही. तिचे ते डोळे मीही रोज बघते.

आई खूश आहे. नागलीची भाकर मागून खाते. शेजारपाजारच्या बायका अंगणवाडीच्या ओट्यावर जमतात तिथं येऊन बसते आणि माझ्या तिथल्या पोरांना खाऊ वाटते. आणि काल तिनं प्रार्थनाघरात साक्ष दिली.

मला ते थांबवता आलं नाही. उपासना संपताना रावजीमामांनी नेहमीप्रमाणे विचारलं, देवानं कोणासाठी काही केलंय का, त्यानं उठून सांगावं. आणि आई उठली. तुला आठवतं ना, आपल्याकडे कोणाचा बैल सापडला, कोणाचा ताप उतरला, तरी लोक उठून सांगतात. आईला कधी उठताना बघितलं नव्हतं. लाजायची. काल पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "डाक्टरांनी पोट फाडलं, तर आत गाठच नव्हती. मानसानं उघडलं, पन देवानं आधीच काढलेली." अख्खी मंडळी टाळ्या वाजवत होती. रावजीमामा रडत होते. कुसाबाई आईच्या पायाशी येऊन बसली.

मीही टाळ्या वाजवल्या, सुनील. सगळ्यांच्या देखत हात बांधून कशी बसणार? घरी आल्यावर मी माझे हात राखेनं घासले, आणि मग मलाच माझं हसू आलं.

मीना


२७ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग बरं वाटलं. आई उभी राहिली, बोलली, भाकर खाते. डॉक्टरांच्या गोळीनं हे झालं असतं का? रोशनीलाही वाचून दाखवलं, ती म्हणाली, सासूबाईंना असं बोलताना बघायला हवं होतं.

तू उगाच मनाला लावून घेतेस. विचार करून बघ, खोटं असं त्यात काय आहे? पोट उघडलं हे खरं. काही काढलं नाही हेही खरं. मधला एक शब्द काय तो माझा. आणि देवाला काय अशक्य आहे? कोणी सांगावं, खरंच विरघळली असेल.

मार्चमध्ये सुट्टी मिळाली की येतोच. आईला म्हणावं, वालाच्या शेंगा माझ्यासाठी ठेव.

सुनील


१३ फेब्रुवारी

सुनील,

तुझा मधला एक शब्द आता गावात काय करतोय ते ऐक.

कुसाबाईच्या छातीत गाठ आहे. दिवाळीपासून होती. तिच्या नवऱ्यानं, बारकूनं, तिला नाशिकला नेऊन तपासणीही करून आणली होती. रिपोर्ट घ्यायला आणि पुढचं ठरवायला गेल्या आठवड्यात बोलावलं होतं. ती गेली नाही. लखननं जीप दारात उभी केली, हॉर्न वाजवला, ही आतून म्हणाली, "मी नाय येत. फुलाबाईला जो देव, तोच मला."

आता दर बुधवारी ती आपल्या घरी येते. आई खोबरेल तेलाच्या वाटीवर प्रार्थना करते आणि ते तेल तिच्या गाठीला चोळते. आईच! आणि मी दारात तांदूळ निवडत बसते. परवा आई तिला सांगत होती, "कुसा, डाक्टर कापाया बसलेत. तू इस्वास सोडू नको." माझ्या सुपातले तांदूळ खडे सगळे एक झाले.

बरं, रावजीमामा काही वाईट माणूस नाही. ते त्यांच्या परीनं आनंदात आहेत. पण त्यांनी ही साक्ष सुरगाण्याकडच्या मंडळ्यांतही सांगितली. पुढच्या महिन्यात मोठी प्रार्थनासभा आहे, तिथं आईला मंचावर बसवणार आहेत.

तू ये. आपण दोघं मिळून आईला खरं सांगू. मी एकटीही सांगू शकते, पण शब्द तुझा होता, तो तूच परत घ्यावास असं मला वाटतं. आणि आईला काही म्हणायचं झालं तर तुला म्हणता येईल. कुसाबाईला दोन लहान पोरी आहेत, त्या माझ्या अंगणवाडीत येतात.

मीना


१६ फेब्रुवारी

ताई,

तुला धाडस दाखवायची हौस आली असेल तर खुशाल दाखव, पण आईच्या जिवावर नको.

कुसाबाईचं काम साधं आहे. तिला गाठून एकटीला सांग की देव डॉक्टरांच्या हातूनही बरं करतो, दवाखान्यात जा. आईला मध्ये आणायची गरजच काय? ती खचली तर आठवडाभरही राहणार नाही. मग तुझं सत्य घेऊन बस कवटाळून. खरं बोलायला आपण काय संदेष्टे आहोत? आपण पोटापाण्याची माणसं.

माझी शपथ आहे तुला. आईला सांगायचं नाही.

सुनील


४ मार्च

सुनील,

मी सांगितलं.

आधी तू म्हणालास तेच केलं. कुसाबाईला विहिरीवर गाठून सांगितलं, जा बाई दवाखान्यात. ती म्हणाली, "मग फुलाबाई काय खोटं बोलते?" आई खोटं बोलत नाही हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून तर तिचा शब्द एवढा चालला.

त्या दुपारी मी आईजवळ बसले. सगळं सांगितलं, दवाखान्यातलं, तुझं, माझ्या टाळ्यांचं. मग तिनं पांघरूण बाजूला केलं आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "तरीच."

सुनील, तिला दुखत होतं. कधीपासूनच दुखत होतं. पण साक्ष दिली होती ना, मग दुखतं म्हणायचं कोणाला? तिला वाटलं आपला विश्वास कमी पडतोय. म्हणून ती आम्ही निजल्यावर उशी तोंडात धरून पडायची. आणि त्या पांढऱ्या गोळ्या तिनं घेतल्याच नव्हत्या. "मी तर बरी झाले, मला ताकदीच्या गोळ्या कशाला? तुझ्या अंगणवाडीच्या बायांना दे," असं मला एकदा म्हणाली होती, आणि मी हसण्यावारी नेलं होतं. पिशवीत सगळ्या तशाच होत्या. आता घेते. रात्री थोडी झोप लागते.

मी रडत होते, ती नाही. मला म्हणाली, "मरायचं मला ठाऊक हाय गं, तुझा बाप गेला, माझी आई गेली. पन माझ्या तोंडानं देवाच्या घरात खोटं गेलं, ते कोन निस्तरनार?" मी म्हटलं, तुला माहीत नव्हतं, तुझी चूक नाही. तर म्हणाली, "आता ठाऊक झालं ना? आता गप बसले तर माझीच."

रावजीमामा समजवायला आले. त्यांचं म्हणणं, मंडळी खचेल, विश्वासात नवी आलेली दोन घरं परत फिरतील, बाकीचं गाव हसेल. हळूहळू सांगू, सभा होऊन जाऊ दे. आई त्यांना भाऊ मानते, तुला ठाऊक आहे. त्यांचा हात धरून म्हणाली, "भाऊ, देवाला माझ्या खोट्याचा टेकू कशाला?" मग मामा स्वतःच म्हणाले, रविवारी खाट उचलायला माणसं पाठवतो.

काल प्रभुभोजनाचा रविवार होता. आईला खाटेवरून नेलं. भाकर वाटायच्या आधी तिनं खूण केली आणि मी तिला उभं केलं. खांबाला धरून ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुला वाकडंतिकडं कळायला नको.

"मागं मी हितं उभी राहून बोलले, ते खरं नव्हतं. माझी गाठ गेली नाय. ती पोटात हाय, आन मी मरनार हाय. माझ्या लेकानं मायेपोटी मला खोटं सांगितलं, आन मी ते देवाच्या नावावर तुमाला सांगितलं. देवानं मला माफ करावं, तुमी पन करा. गाठ हाय. देव पन हाय. कुसा, तू उद्याच्या उद्या दवाखान्यात जा."

कोणी टाळी वाजवली नाही. नव्या आलेल्या त्या दोन घरांतली माणसं उठून बाहेर गेली. एक बाई जाताना पुटपुटली की म्हातारीचा विश्वास उडाला. आईनं ऐकलं असणार. तिनं भाकरीचा तुकडा घेतला, द्राक्षरस घेतला, आणि खाटेवर आडवी झाली.

तुझी शपथ मोडली. ये, रागावायला तरी ये.

ताई


९ मार्च

ताई,

पत्र मिळालं. त्याआधी बातमीही मिळाली. इथल्या आपल्या मंडळीत गावाकडची चार घरं येतात, त्यातल्या एकानं मला उपासनेनंतर दारातच विचारलं, "काय रे, आईला खोटं सांगितलंस म्हणे?" रोशनी शेजारी उभी होती.

तुम्ही दोघी खऱ्या, मी एकटा खोटा. बरोबरच आहे. पण भरल्या मंडळीत माझं नाव काढायची काय गरज होती? गोळ्यांचं वाचलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. उशीचं मी पुन्हा वाचू शकलो नाही.

सध्या सुट्टी मिळणार नाही. पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला बघू.

सुनील


१५ मार्च

सुनील,

आईनं तुझं नाव घेतलं नव्हतं, "माझ्या लेकानं" म्हणाली होती. आता तिला एकच मुलगा आहे त्याला ती तरी काय करणार?

सण लांब आहे. ती आता पेज तेवढी घेते. तू ये असं ती म्हणत नाही, हे मी म्हणते आहे. तिनं बोलवलं असं लिहिलं तर तू धावत येशील हे मला माहीत आहे, पण तसं लिहिणार नाही.

कुसाबाई मंगळवारी बारकूबरोबर नाशिकला येते आहे. लखन त्यांना पंचवटीत तुझ्याकडे सोडेल. दवाखान्यात खिडक्या कुठल्या, रांगा कुठल्या, हे त्यांना कळत नाही. तू बरोबर जा.

ताई


२० मार्च

प्रिय ताई,

काल कुसाबाईला घेऊन गेलो. बारकू कोवळ्या पोरासारखा माझा हात धरून चालत होता. डॉक्टरांनी कुसाबाईला बाहेर बसवलं आणि आम्हा दोघांना आत बोलावलं. तेच आहे, ताई. पण आवरण्यासारखं आहे म्हणाले. छाती काढावी लागेल, पुढे औषधं चालतील. अजून उशीर केला असता तर अवघड होतं.

बाहेर यायच्या आधी बारकूनं मला दारात अडवलं. "सुनीलभाऊ, तिला नका सांगू. साधी गाठ म्हना. ती मरंल भीतीनंच." ताई, शब्द न् शब्द माझाच.

मग बाकावर कुसाबाईशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. छातीचंही. ती पदर तोंडात धरून रडली. येणारेजाणारे बघत होते. मग डोळे पुसून म्हणाली, "निघताना फुलाबाईला इचारलं, डाक्टर काय बोलला ते मला कोन सांगंल? तर ती बोलली, सुन्याला इचार. तो आता खरं सांगंल."

मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

सुट्टी मिळत नव्हती हे खोटं होतं. मी मागितलीच नव्हती. आज मागितली, मिळाली. शनिवारी निघतो. हे पत्र उद्या लखनबरोबर पोहोचेल, ते आईला मोठ्यानं वाचून दाखव. मी खरं सांगितलं हे तिला माझ्या आधी कळू दे. मग मला तोंड दाखवायला जरा सोपं जाईल.

तुझा,
सुनील


१ एप्रिल

प्रिय सुनील,

काल सणाची उपासना झाली. पहाटे सगळे स्मशानभूमीत जाऊन आले. आईच्या मातीवर कोणीतरी पांढरी फुलं ठेवली होती. कुसाबाईच्या ऑपरेशनची तारीख आली, ती जाणार आहे. बाहेर गेलेल्या दोन घरांपैकी एक घर काल परत आलं, दुसरं आलं नाही. रावजीमामा प्रवचनात फार थोडं बोलले.

माती दिल्यावर तू मला बाजूला घेऊन विचारलंस, शेवटी तिनं माझं नाव घेतलं का, माझं पत्र तिनं ऐकलं का. मी रडायला लागले आणि तू पुन्हा विचारलं नाहीस. पण तू ते विचारत राहणार, मला माहीत आहे. म्हणून लिहिते.

पत्र तिनं ऐकलं नाही. त्या गुरुवारी लखननं ते माझ्या हातात दिलं तेव्हा तिला जाऊन थोडाच वेळ झाला होता, बायका पाणी तापवत होत्या. मी ते तिच्या उशाशी बसून वाचलं, मोठ्यानं वाचलं, तू सांगितलं होतंस तसं. पण ती गेली होती. तिनं ऐकलं असं लिहायला माझा हात फार शिवशिवतो आहे.

तुझं नाव तिनं शेवटी घेतलं नाही. सकाळी पाणी मागितलं. कुसा दवाखान्यात पोहोचली का, विचारलं. पोहोचली म्हटल्यावर मान हलवली.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. अंथरुणाला खिळल्यापासून तिची खाट दारासमोर होती. दुपारी लखनची जीप वळणावर वाजली की ती विचारायची, "मीना, कोन उतरलं?" रोज विचारायची. मी दारात जाऊन बघायचे आणि उतरलेल्यांची नावं तिला सांगायचे. बारकू उतरला. मास्तर उतरले. पोस्टमन उतरला. ती म्हणायची, "बरं."

कितीदा वाटलं, एक दिवस तरी म्हणावं, सुनील उतरला. तेवढ्यानं तिला बरं वाटलं असतं.

मी रोज खरीच नावं सांगितली.

तुझी,
ताई